मयेकर चीफना सुरुवात मान्य नाही

आमच्या ब्लॉकची लिफ्ट तळमजल्यावरून बाराव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मयेकर चीफ विश्वाची उत्पत्ती मोडीत काढत. लिफ्ट जुनी होती, सावकाश चढायची, त्यामुळे त्यांना वेळ पुरायचा.

मी सिंगापूरला, बुकित बातोकमध्ये राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी हा प्रसंग माझ्यावर आला. दोन्ही हातांत खोकी, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. लिफ्टचं दार बंद होता होता एक उंच, पांढऱ्या मिशांचे, अर्ध्या चड्डीतले गृहस्थ आत आले. माझ्या खोक्यावर पुण्याच्या एका दुकानाचं नाव मराठीत होतं. ते वाचून म्हणाले, "नवीन?"

"हो. आजच आलो."

"काय करता?"

"बँकेत आहे. चांगी बिझनेस पार्कला."

"म्हणजे बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला. रोज. बरं, मला सांगा, हे विश्व एका स्फोटातून झालं असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल?"

"शिकवलं असावं," मी म्हटलं.

"मग बाटली कोणी भरली?"

लिफ्ट थांबली. गृहस्थ उतरले, माझ्याच शेजारच्या दाराशी गेले आणि किल्ली फिरवता फिरवता मागे न बघता म्हणाले, "विचार करा."

मी घरात जाऊन बायकोला, मेधाला, हे सांगितलं. तिने काळजीने विचारलं, "पितात का हो ते?"

पीत नव्हते. ती बाटली हवेची होती. मयेकरांनी उमेदीची सगळी वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये घालवलेली. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, पण 'चीफ' हे नाव काही निवृत्त झालं नाही. काका म्हटलेलं त्यांना खपत नसे. तर जहाजाचं मोठं इंजिन सुरू करायचं म्हणजे आधी दाबाखालची हवा लागते, आणि ती मोठाल्या लोखंडी बाटल्यांत भरून ठेवलेली असते. बाटली भरायला कॉम्प्रेसर हवा. कॉम्प्रेसर चालवायला जनरेटर हवा. "जगातलं कुठलंही यंत्र आपणहून सुरू होत नाही," चीफ म्हणायचे, "आणि हे शहाणे मला सांगतात, काहीच नव्हतं आणि एकदम सगळं सुरू झालं. ठीक आहे. पण बाटली कोणी भरली?"

हा प्रश्न त्यांनी ब्लॉकमधल्या प्रत्येकाला विचारला होता. आमच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मिस्टर टॅननी एकदाच उत्तर दिलं. "डोन्ट नो लाह, चीफ. मस्ट आस्क टाउन कौन्सिल." टाउन कौन्सिल म्हणजे आमच्या लिफ्टा, जिन्यातले दिवे आणि कचरा बघणारं ऑफिस. तेव्हापासून चीफ लिफ्टमध्ये असले की मिस्टर टॅन काहीतरी विसरल्यासारखं करून पत्रपेटीकडे वळायचे.

दुसरा आक्षेप स्फोटावर. "मी स्फोट बघितलाय हो, बँकवाले. इंजिनरूममध्ये. लोखंडी दार असं पापडासारखं वाकलं होतं. स्फोटाने मोडतं. स्फोटाने भाजतं. स्फोट झाला आणि त्यातून आंबा तयार झाला, असं मी तरी कुठे बघितलं नाही." चीफ देवगडचे, त्यामुळे सृष्टीचं उदाहरण द्यायचं झालं की आंबाच. फारच चिडले तर मालवणीवर येत, "माका नको शिकवू!" आणि मग समोरच्याची क्षमा मागत.

त्यांचा स्वतःचा सिद्धान्तही होता. विश्व कधी सुरू झालंच नाही, ते आहेच. "मी जहाजावर चढलो तेव्हा मशिनरी चालूच होती. उतरलो तेव्हाही चालूच. आधीच्या चीफकडून चार्ज घेतला, पुढच्याला दिला. सुरुवात कोणी बघितली?"

"आणि ते जहाज कुठल्या तरी गोदीत बांधलं असेल ना, अहो?" हा आवाज आतून यायचा.

तो आवाज शुभाताईंचा. चीफच्या पत्नी. पूर्वी रत्नागिरीला कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, सिंगापूरला आल्यावर घरी मुलांच्या शिकवण्या घेत. ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, बोलणं अगदी हळू. विश्वाची उत्पत्ती शाळेच्या पुस्तकात जशी असते तशी त्या शिकवायच्या, आणि शेजारच्या खोलीत बसून चीफ ती खोडून काढायचे. आमची मुलगी रेवा त्यांच्याकडे शिकायला जायची. एकदा तिने परीक्षेत सगळं बरोबर लिहून खाली लिहिलं, 'बट हू फिल्ड द बॉटल?' शाळेच्या मास्तरांनी शेजारी मोठं प्रश्नचिन्ह काढलं. तो पेपर चीफनी मागून घेतला आणि आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवला.

त्यांच्या घरी चहाला जाणं म्हणजे सामना बघायला जाणं. एकदा शुभाताई तिखटमिठाच्या पुऱ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "हे बघा, स्फोट म्हणू नका. पुरी लाटताना हे ओव्याचे दाणे बघा. लाटू तसे एकमेकांपासून लांब जातात. कोणी त्यांना फेकलं नाही. खालचं पीठच पसरतंय. आणि यातला मधला दाणा कुठला? कुठलाच नाही."

चीफ वाकून बराच वेळ पुरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लाटणारी कोण?"

"ते मला माहीत नाही," शुभाताई शांतपणे म्हणाल्या. "माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटत नाही."

"मला वाटते!" चीफ म्हणाले आणि ती पुरी कढईत सोडली.

बुओना व्हिस्टाला संशोधनाच्या मोठ्या इमारती आहेत. तिथे कधीमधी सर्वांसाठी व्याख्यानं होतात. चीफच्या वाढदिवसाला शुभाताईंनी त्यांना भेट म्हणून अशा एका व्याख्यानाला नेलं. दुसरी एखादी बायको घड्याळ देते. व्याख्यान संपल्यावर चीफ उठले आणि तिथल्या तरुण शास्त्रज्ञाला बाटलीचं विचारलं. तो म्हणाला, "दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन." शुभाताई सांगत होत्या, सगळा हॉल वळून यांच्याकडे बघायला लागला आणि मला उगाच वाटलं की आपलं मूल स्टेजवर नाचतंय. त्यांना मूलबाळ नव्हतं. परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्या प्रश्नावरून दोघांचं असं जुंपलं की जुरोंग ईस्टला गाडी बदलायची राहिली आणि दोघं पार शेवटच्या स्टेशनाला पोहोचले. तिथे गाडी रिकामी झाली, तेव्हा कळलं.

हे भांडण सुरू कसं झालं ते शुभाताईंनीच मला एकदा सांगितलं. चीफ खाली मासे आणायला गेले होते.

"लग्न झालं आणि हे पंधरा दिवसांत जहाजावर गेले," त्या म्हणाल्या. "सहा-सहा महिने नाहीत. बंदराला लागले की फोन करायचे. आणि आम्हाला बोलायला काही नसायचं हो. एकमेकांना ओळखतच नव्हतो. जेवलीस? जेवले. तुम्ही? जेवलो. मग दोघं गप्प, आणि फोनमध्ये नुसती खरखर. मी फोन ठेवून रडायची. एकदा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आज मुलांना विश्वाची सुरुवात शिकवली. तर पलीकडून एकदम मोठ्यांदा आवाज आला, 'खोटं आहे ते!' मी म्हटलं, खोटं कसं? आणि फोन तुटेपर्यंत आम्ही बोलत राहिलो. पुढच्या बंदरावरून फोन आला तो 'जेवलीस का' असा नाही. 'तुझ्या त्या स्फोटाबद्दल मला एक सांगायचंय,' असा आला." शुभाताई हसल्या. "इंजिनरूममध्ये काम करता करता आक्षेप जमवायचे म्हणे. माझ्यासाठी."

त्यानंतर दोन वर्षांनी शुभाताई आजारी पडल्या. वजन उतरायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी चीफना बाजूला बोलावून सांगितलं की आता आजार पसरलेला आहे. चीफनी लिफ्टमध्ये मला हे एका वाक्यात सांगितलं, आणि लगेच तारे कसे पेटतात त्यावर आले. मी ऐकत राहिलो. त्या दिवशी लिफ्ट वर पोहोचल्यावरही आम्ही दोघं दार उघडं धरून उभे होतो.

हॉस्पिटलात ते रोज दुपारी डबा घेऊन जायचे. पेज, कधी सार. शुभाताईंना दोन चमच्यांच्या वर जात नसे. मग चीफ खुर्ची पलंगाजवळ ओढायचे आणि भांडण सुरू करायचे. मी आणि मेधा एका शनिवारी गेलो तेव्हा त्यांचा आवाज कॉरिडॉरमध्ये ऐकू येत होता. एक तरुण नर्स आत येऊन दटावून म्हणाली, "अंकल, डोन्ट स्कोल्ड आंटी, कॅन?"

शुभाताईंनी उशीवरून मान हलवली. "लेट हिम," त्या म्हणाल्या. "ही इज नॉट स्कोल्डिंग."

नर्सला काही कळलं नाही. ती पडदा ओढून गेली. शुभाताईंचा आवाज तोपर्यंत इतका खाली गेला होता की उत्तर ऐकायला चीफना कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागे. उत्तर ऐकून ते सरळ व्हायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "पटत नाही." आणि पुन्हा वाकायचे.

एका सकाळी त्या गेल्या. मंडाईच्या दहनगृहात आम्ही थोडीच माणसं होतो. चीफनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. कुणी पाणी पुढे केलं, प्यायले. कुणी बसा म्हटलं, बसले.

त्यानंतर लिफ्ट खरोखर फार सावकाश चढायला लागली. चीफ आत यायचे, मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे राहायचे आणि उतरून जायचे. मी एकदोनदा स्वतः विषय काढून बघितला. "हं," म्हणाले. मिस्टर टॅन आता पत्रपेटीकडे वळत नसत. एकदा आम्ही तिघं असताना त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सो, चीफ. हू फिल द बॉटल?"

"आय डोन्ट नो, मिस्टर टॅन," चीफ म्हणाले.

मिस्टर टॅन माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसं काही बाटली त्यांच्या हातून फुटली.

चीफ घराबाहेर पडेनासे झाले. मेधा भाजी-पोळी नेऊन द्यायची, तर दुसऱ्या दिवशी डबा घासून, पुसून दाराबाहेर ठेवलेला असायचा. अर्धं जेवण त्यातलं टाकलेलं असणार हे तिला कळत होतं.

आमचा मराठी मंडळींचा एक वाचनकट्टा आहे. कम्युनिटी क्लबातली खोली घेऊन महिन्यातून एकदा जमतो. त्या महिन्यात भारतातून कोणाकडे तरी पाहुणे म्हणून आलेले एक वक्ते होते आणि विषय होता विश्वोत्पत्तीचं विज्ञान कसं थोतांड आहे हा. आयोजकांना वाटलं, चीफ खूश होतील. मलाही वाटलं. मी त्यांच्या दाराशी जाऊन म्हटलं, "चीफ, तुमच्या बाजूचा माणूस आलाय. चला." ते नको म्हणाले. मी उभा राहिलो. शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून आले. शर्टाला एक बटण नव्हतं.

पहिल्या रांगेत त्यांना बसवलं. वक्ते गोड आवाजाचे, बोलण्यात तयार. "मला सांगा," ते म्हणाले, "स्फोटातून कधी काही निर्माण होतं का? स्फोटाने मोडतं!" लोक हसले आणि सगळ्यांनी चीफकडे बघितलं. चीफनी मान खाली घातली होती. मग वक्ते शिक्षकांकडे वळले. "परदेशातून आलं की आपल्या मास्तर-मास्तरणींनी घोकलं. कळत काही नाही. पोपट! पिढ्यान् पिढ्या पोपट तयार करणारे पोपट!"

पुन्हा हशा झाला. आणि चीफ उठले.

"साहेब, तो स्फोट नाही," ते म्हणाले.

वक्ते थांबले. "काय म्हणालात?"

"स्फोट नाही. स्फोट होतो तो कुठेतरी होतो. हे कुठेतरी झालं नाही. जागाच पसरत गेली. आणि पुरावा... पुरावा असा की ऊब आहे. सगळ्या बाजूंनी. मी इंजिनवाला माणूस. बंद केलेल्या इंजिनाला हात लावला की कळतं, थोड्या वेळापूर्वी हे चालत होतं. तशी ऊब आकाशात उरलेली आहे. फार थोडी. पण मोजलीये ती."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. त्या घरातले इतके सामने बघून कधी ऐकलं नव्हतं. हे त्या दोघांच्या फोनवरचं असावं, किंवा पलंगाजवळचं.

"आणि मग," चीफ म्हणाले, "ते निवत गेलं. निवताना आधी हायड्रोजन आणि दुसरा तो... त्यांचं एक प्रमाण असतं. ते प्रमाण बरोबर जुळतं. का जुळतं तर..." ते थांबले. हात हवेत तसाच राहिला. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. "का जुळतं ते तिने मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी तेव्हा नीट ऐकलं नाही. मी माझा पुढचा मुद्दा शोधत होतो."

वक्ते माणूस म्हणून वाईट नसावेत. हळू आवाजात म्हणाले, "मयेकर साहेब, मला तर सांगितलं होतं की तुम्ही आमच्याच मताचे."

"आहेच मी," चीफ म्हणाले. "पण ती पोपट नव्हती." आणि खाली बसले.

वक्त्यांनी पुढचं भाषण लवकर आटोपतं घेतलं.

परत येताना आम्ही ब्लॉकांच्या मधल्या आच्छादलेल्या वाटेने चालत होतो. चीफ म्हणाले, "हरलो."

"नाही हो."

"हरलो, बँकवाले. तिची बाजू मला मांडता आली नाही. सराव नाही." थोडं चालल्यावर म्हणाले, "तुम्हाला रविवारी सुट्टी असते ना? तुम्ही माझी बाजू घ्या. मी तिची सांभाळतो."

त्या रविवारपासून मी जायला लागलो. बाजू बदलली तरी मी बँकेतला माणूस. मला या विषयात फारसं गम्य नाही. चीफच मला माझे आक्षेप पढवायचे आणि मग माझ्याशी भांडायचे. मी लवकर हरलो तर रागवायचे. "असं नाही! मी इथे सोडलं नसतं. नीट भांडा." लायब्ररीतून पुस्तकं आणून, भिंग धरून वाचायचे. हायड्रोजनचं ते प्रमाण का जुळतं ते त्यांनी शोधून काढलं, आणि मला समजावून सांगताना त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. चहा तेच करायचे. फार गोड करायचे. मी पीत होतो.

असे काही महिने गेले. मागच्या रविवारी माझ्याजवळचे सगळे आक्षेप संपले होते, चहाही संपला होता, आणि मी सहज, आवरतं घ्यायचं म्हणून म्हटलं, "बरं चीफ, सुरुवात मान्य. मग याचा शेवट काय?"

चीफनी कप खाली ठेवला.

"तिने विचारलं होतं," ते म्हणाले. "हॉस्पिटलात. दुपारी. म्हणाली, अहो, आज शेवटाबद्दल बोलू या का? अगदी साधेपणाने म्हणाली. आणि मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, आधी सुरुवातीचा निकाल लागू दे. ती हसली. बरं म्हणाली. पुन्हा काढला नाही विषय."

मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"ज्याला सुरुवात नाही त्याला शेवट नाही. इतकंच होतं हो माझं. सुरुवात एकदा कबूल केली की मग पुढचंही..." त्यांनी हाताने टेबलावरचा नसलेला चुरा गोळा केला. "मला वाटायचं, भांडण मिटू द्यायचं नाही. मिटलं नाही तर ती उत्तर द्यायला राहील. मूर्खासारखं. आणि तिला काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं. काय असेल? काही सांगायचं असेल. कुठे काय ठेवलंय ते असेल. भीती वाटत होती असं असेल. मी विचारलंच नाही."

खाली मैदानात कोणीतरी मुलांना जेवायला हाक मारत होतं. मी उठून दोन्ही कप विसळले आणि पुन्हा येऊन बसलो. ते एवढंच म्हणाले, "बसा. काही बोलू नका."

आम्ही तसेच बसलो. अंधार पडायला लागला तेव्हा मी निघालो. चीफ दारापर्यंत आले आणि चौकट धरून उभे राहिले.

"पुढच्या रविवारी शेवटाचं बोलू," ते म्हणाले. "थोडं थोडं. एकदम नको."

"येतो," मी म्हटलं.